नऊ गुंठे समुद्राच्या तळाशी

गौडवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
श्री. शशिधर मल्लाप्पा मळगे,
समुद्राच्या तळाचे शास्त्रज्ञ, गोवा.

विषय : माझ्या नऊ गुंठे मातीबाबत.

महोदय,

आपण फोनवर माझा नंबर ब्लॉक केला आहे, असे माझी मुलगी सुष्मिता हिच्याकडून समजले. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र रजिस्टर करून पाठवत आहे. सही करूनच घ्यावे लागेल.

परवा सुष्मिता जयसिंगपूरच्या शाळेतून शिकवून येताना वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन आली. त्यात आपला फोटो आहे. डोक्यावर पिवळे हेल्मेट, हातात बोअरच्या पाइपासारखी लांब नळी, आणि तोंडावर बारसे असल्यासारखा आनंद. खाली छापले आहे की, बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या या चिखलात कृष्णेने दख्खनवरून वाहून नेलेली काळी माती सापडली.

कृष्णा माझ्या रानाला लागून वाहते. काळी माती माझ्या रानात होती, आता नाही. तेव्हा सदर माती कोणाची, याचा खुलासा करावा.

पार्श्वभूमी आपणास ठाऊक आहे, तरी नोटिशीत ती लिहावी लागते असे ऐकून आहे. अप्पांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा थोरला म्हणून नदीकाठची मळीची जमीन मी घेतली आणि वरचा माळ आपल्याला दिला. मध्ये बांध. २०१९ च्या महापुरानंतर डिसेंबरात मी पंचांसमोर टेप लावला. नदीपासून बांधापर्यंत मोजत आलो तर माझे रान नऊ गुंठे कमी भरले. नदी कुठे पळून जात नाही. म्हणजे बांध कोरला तो आपण, असे मी म्हणालो. आपण म्हणालात, "अण्णा, नदीच सरकलीया." त्यावर मी जे बोललो ते बोललो. तू मोटरसायकलला किक मारलीस आणि गेलास. तुझ्या वहिनीनं, निर्मलानं, तुझ्यासाठी झुणका केला होता, तो मला दोन दिवस खावा लागला.

आता तुझ्याच नळीत माझी माती निघाली आहे. म्हणजे नदीनंच ती नेली हे तुझं म्हणणं खरं ठरतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं समजू नकोस. पण तो मुद्दा वेगळा आहे. माती माझी आहे, एवढाच आजचा मुद्दा. निदान पिशवीभर तरी आणून द्यावी. गोवा इथून आंबोलीमार्गे पाच तासांवर आहे. पाच वर्षं लागतील इतकं लांब नाही.

कळावे.
रुद्राप्पा मल्लाप्पा मळगे
(माजी चेअरमन, पाणीपुरवठा संस्था)

ता. क. अप्पांची समाधी उत्तम आहे. काळजी नसावी.


गौडवाडी
२६ फेब्रुवारी

चि. शशिधर,

तुझं उत्तर मिळालं. एकूण नऊ ओळी, त्यातल्या सात चिखलाच्या.

तू लिहितोस की तो चिखल दीड किलोमीटर खोल पाण्याखालचा आहे आणि तिथं वीतभर थर साचायला हजार वर्षं लागतात. काळी माती ज्या थरापासून वाढते तो तीनेक हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे माणसानं इकडं झाडं तोडून नांगर धरला तेव्हाचा. मी हे निर्मलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंजे तुमच्या खापरपणजोबांपास्नं रान व्हावून चाललंया, आनी चोर मातूर धाकला दीर!" तिला शास्त्र कळत नाही.

तू असंही लिहितोस की माझे नऊ गुंठे अजून समुद्रात पोचलेच नसणार. वाटेत कर्नाटकात आणि आंध्रात धरणं आहेत, बराचसा गाळ त्यांच्या तळाशी बसतो. बहुतेक अलमट्टीत असेल, म्हणतोस. म्हणजे माझं रान आता कर्नाटकात आहे. आपल्याकडची माणसं सीमाभागासाठी इतकी वर्षं भांडतायत आणि माझे नऊ गुंठे कुणाला न विचारता तिकडं जाऊन बसले.

एक शंका आहे. गंगेनं नेलेली हिमालयाची मातीही त्याच उपसागरात पडते, असं तू लिहिलंयस. मग तिथं हद्द कशी ठरवतात? मोजणी कोण करतं? दोन नद्यांचा गाळ एकमेकांत मिसळतो आणि कुणी कुणावर दावा लावत नाही, हे मला पटत नाही.

आता तुझ्या शेवटच्या दोन ओळी. "७ एप्रिलला अप्पांच्या स्मरणदिनाला येतो. समाधीपाशी अर्धा तास बसेन, घरी येणार नाही."

मी थोरला या नात्यानं सांगतो, यंदा येऊ नकोस. एप्रिलमध्ये ऊन फार असतं. घाटात रस्त्याचं काम चालू आहे. समाधीवरच्या बाभळीला गांधीलमाश्यांचं मोठं पोळं लागलंय. शिवाय सध्या तिथं काठावर एक मगर येऊन पडते. चांगली बारा फुटी आहे. अप्पांना काय, ते तिथंच आहेत. दिवाळीनंतर निवांत बघू.

तुझा अण्णा


गौडवाडी
१२ मार्च

चि. शशी,

सुष्मितानं तुला फोन करून सांगितलंच आहे, तेव्हा मीही लिहितो. मगर नाही. म्हणजे नदीत आहे, पण तिचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

मागचं पत्र पाकिटात घालताना निर्मलानं वाचलं होतं. तेव्हाच ती म्हणाली, "मगरीचं लिवलंसा व्हय? मग त्या मगरीलाच इचारा की, समाधी कुठं गेली त्ये." मी तिला म्हटलं, तू भाकरी बघ. त्यानंतर दोन आठवडे घरात भाकरी आहे, पण बोलणं नाही. काल तिनं पाट मांडला, त्यावर कागद ठेवला, पेन ठेवलं आणि म्हणाली, "खरं लिवा. न्हायतर मी लिवतो."

लिहितो.

२०२१ च्या जुलैत पुराचं पाणी आठ दिवस रानात होतं. आम्ही सगळे वरच्या शाळेत. पाणी उतरल्यावर मी गुडघाभर चिखलातून मळीकडं गेलो. बाभूळ नव्हती. समाधी नव्हती. समाधीच्या अलीकडच्या उसाच्या चार सऱ्याही नव्हत्या. काठ सुरीनं खरवस कापावा तसा सरळ कापला होता आणि खाली लाल पाणी जोरात चाललं होतं. अप्पांना आपण दोघांनी मिळून आपल्या लिंगायत रीतीनं तिथं मातीत बसवलं होतं, हातात लिंग, मांडीवर बेलाची पानं. तू त्यांचा डावा खांदा धरला होतास, मी उजवा. ते सगळंच गेलं, शशी. मी काठावर उभा राहून मोठ्यानं रडलो. सगळं गाव आपापल्या घरातला चिखल काढत होतं, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

आपण त्या वेळी बोलत नव्हतो. तुला सांगायचं तर आधी 'नदी सरकली' हे मान्य करावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसलो. पुढं सुष्मिता विचारायची, काका म्हणतायत समाधी बरी आहे ना? मी म्हणायचो, उत्तम.

मग दुसऱ्या वर्षी मी नवीन बांधली. तिला बाथरूमच्या उरलेल्या पांढऱ्या टाइल्स लावल्या, छान चकचकतात. आत अप्पांची काठी आणि चष्मा ठेवला आहे. मठातल्या अय्यांना पूजेला बोलावलं. त्यांनी विचारलं, "खाली काय हाय?" मी म्हणालो, "खाली अप्पा हाईत. काठ धोक्यात आला म्हनून वर आनलंया." खोटं बोललो, तेही अय्यांशी, तेही सोमवारी.

जागा मात्र चांगली निवडली आहे. पुराची भीती नाही. बांधापासून जरा वर आहे.

अण्णा


गौडवाडी
१९ मार्च

चि. शशी,

तुझं कार्ड आलं. त्यावर फक्त "जरा वर म्हणजे किती?" एवढंच आहे.

बावीस फूट. तुझ्या हद्दीत.

आता तापू नकोस, आधी वाच. बांधाच्या खाली पूर येतो, वर येत नाही. अप्पांना मी पुन्हा पुरात घालायचं होतं का? तुझा माळ पडूनच होता. मी रात्रंदिवस त्या बांधाची राखण केली, तू एक वीत सरकू नयेस म्हणून. आणि मीच गवंडी घेऊन पलीकडं गेलो आणि टाइल्स लावून आलो. तुला चोर म्हणणारा मी. हे लिहिताना मला काही वाटत नसेल असं समजू नकोस. कान गरम झालेत.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर मी समाधी हळूच बांधाच्या खाली आणली असती. पण मध्येच चिमणाबाईची म्हैस निघाली.

चिमणाबाई म्हणजे आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावरची, तुला लहानपणी ताक द्यायची ती. तिची म्हैस तीन वर्षं गाभण राहात नव्हती. डॉक्टर झाले, औषधं झाली. गेल्या श्रावणात तिनं जाता जाता अप्पांच्या नव्या समाधीवर नारळ फोडला आणि पुढच्या महिन्यात म्हैस गाभण राहिली. झालं. तेव्हापासून दर सोमवारी रांग लागते. एकाच्या पोराला पोलीस भरतीत घेतलं, एकीच्या सुनेनं वेगळं राहायचं डोक्यातून काढलं. मागच्या सोमवारी नेसरीहून एक जीप भरून पावणं आले. मी बाजूला उभा राहून बघतो. ज्यांनी हयातीत कधी कुणाला हो म्हटलं नाही ते अप्पा आता सगळ्यांना हो म्हणतायत, आणि तेही जागेवर नसताना.

आता मंडळींनी ठरवलंय, वर पत्र्याची शेड घालायची. ग्रामसेवक म्हणतो, जागामालकाचं संमतीपत्र आणा. सगळ्यांना वाटतं जागा माझी आहे. सातबारा काढला की गाव हसणार. समाधी भावाच्या रानात आणि आत फक्त चष्मा, हे एकाच दिवशी कळलं तर मला कर्नाटकात राहायला जावं लागेल, माझ्या नऊ गुंठ्यांजवळ.

तू सही दिलीस तर बरं होईल. नाही दिलीस तरी तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ७ तारखेला येणार असशील तर ये. गांधीलमाश्याही नाहीत.

अण्णा


गोवा
२७ मार्च

अण्णा,

संमतीपत्र सोबत जोडलं आहे. सही केली आहे, तारीख घातलेली नाही.

तारीख तू घालायची, पण त्याआधी एक काम करायचं. ७ तारखेला त्याच पंचांना बोलाव, तोच टेप घे, आणि या वेळी बांधापासून नदीकडं मोज. काय दिसतं ते सगळ्यांना मोठ्यानं सांग. आत काय आहे तेही सांग.

मी येणार होतो, पण आमची मोहीम अलीकडं आली. ५ एप्रिलला विशाखापट्टणमहून जहाज सुटतं, महिनाभर समुद्रात असेन. जहाजावर ई-मेल येतं, पत्ता सुष्मिताकडं आहे.

हद्दीचं तू विचारलं होतंस. समुद्राच्या तळाशी हद्द नसते. मातीचे कण तपासून कुठला कुठून आला ते आम्ही सांगतो, कुणाचा ते सांगत नाही.

बांधावरून तू मला चोर म्हणालास त्याचा मला राग आला होता. तो केव्हाच ओसरला होता, फक्त ब्लॉक काढून फोन मी करायचा की आधी पत्र तू पाठवायचं, एवढंच राहिलं होतं. पण अप्पा वाहून गेले आणि पावणेचार वर्षं तू मला 'उत्तम आहे' असं सांगत राहिलास. मी इथं दर ७ एप्रिलला शिरोळकडं तोंड करून हात जोडत होतो, अण्णा. तिथं पाणी होतं. हे मला फार लागलं. ते कसं भरून काढायचं मला माहीत नाही.

शशिधर


गौडवाडी
८ एप्रिल

चि. शशी,

हे पत्र सुष्मिता टाइप करून जहाजावर पाठवणार आहे. ती मध्ये मध्ये नाक पुसते आहे, तेव्हा चुका तिच्या.

काल पंच आले. तेच चौघे, एक वारला आहे, त्याच्या जागी त्याचा मुलगा विजयसिंह. सोमवार असल्यानं समाधीवर पन्नास-साठ माणूस आधीच होतं. त्यांना वाटलं, शेडची मापं घ्यायची आहेत. बांधावरचा हद्दीचा दगड मी स्वतः उकरून दाखवला. इंचभरही हललेला नाही, खाली वाटणीच्या वेळी खुणेसाठी घातलेला कोळसा तसाच आहे. टेपचं एक टोक विजयसिंहनं दगडाशी धरलं आणि दुसरं घेऊन मी नदीकडं चालू लागलो. काठ आला. मी थांबलो. रान पुरं व्हायला अजून सत्तर फूट पाहिजे होते. पुढं नुसतं पाणी, आणि पाण्यात एक बगळा. एकोणीस साली नऊ गुंठे गेले होते, आता हिशेब साडेतेरावर आला.

विजयसिंह तिकडून ओरडला, "अण्णा, म्होरं चला की!"

मी म्हणालो, "म्होरं काय चलू? म्होरं नदी हाय."

मग मी वळलो आणि जे बोलायचं ते बोललो. "पंच मंडळी, बांध जिथल्या तिथं हाय. माझ्या भावानं चिमूटभर बी माती नेल्याली न्हाय. पाच वर्सामागं मी तुमच्यासमोर त्याला म्हनलो हुतो, समुद्राच्या तळाचं शिकलास पन भावाची माती चोरायचं सोडलं न्हाईस. त्ये मी मागं घेतो. चोर नदी हाय, आनी गाढव मी." एवढ्यावर लोक हसले. मला वाटलं, चला, सुटलो. मग उरलेलं सांगितलं. समाधी शशिधरच्या रानात आहे, आणि रिकामी आहे. अप्पा एकवीसच्या पुरात गेले.

कुणी हसलं नाही. हातातले नारळ हातातच राहिले. मला वाटलं आता गाव मला चिखलात घालणार. तेवढ्यात चिमणाबाई पुढं आली, कमरेवर हात ठेवून. "रिकामी कशानं? मग माझी म्हस गाभन ऱ्हायली ती काय वाऱ्यानं?"

 शेवटी सोमवारच्या पूजेला आलेले अय्याच पुढं होऊन म्हणाले, "रुद्राप्पा, मला तवाच कळलं हुतं. खाली अप्पा हाईत म्हनताना तुमी समाधीकडं न्हाय, नदीकडं बगत हुतासा." मग त्यांनी मला सर्वांदेखत बेलाची पानं दिली आणि नदीत सोडायला सांगितली. लोकही मागं आले. पंचांसकट सगळ्यांनी काठावरून पानं सोडली, आणि मग परत जाऊन समाधीवर नारळही फोडले. नेसरीचे पावणं म्हणाले, आमाला दोन्ही चालतंय. मी संमतीपत्रावर तारीख घातली. शेडवर जागामालक म्हणून तुझं नाव लिहायचं मंडळींनी ठरवलं आहे.

एवढं तुझ्या अटीचं झालं. आता जे कुणी मागितलेलं नाही ते सांगतो.

तू गेल्यापासून मी रोज सकाळी रानात खुर्ची टाकून बांधाकडं तोंड करून बसायचो. तुझा कुणी माणूस येऊन दगड हलवतो का, हे बघायला. नदी पाठीमागं. अप्पाही पाठीमागं. काठाची ढेकळं पाण्यात पडल्याचा धप्प आवाज यायचा, दिवसातून दोनदा, तीनदा. मी म्हणायचो, मासा असेल. दीड वर्ष मी ते ऐकलं आणि एकदाही मान वळवली नाही. वळवली असती तर अप्पांना वेळेत वर आणता आलं असतं. तुला सुष्मिताच्या फोनवरून कळवलं असतं तर तू एका दिवसात आला असतास आणि पुन्हा आपण दोघांनी मिळून त्यांना उचललं असतं. नदीला मी चोर म्हणालो, पण तिनं काही चोरलं नाही. तिनं माझ्या पाठीमागं, रोज आवाज करून, उघड उघड नेलं. शशी, मला माफ कर. बांधाचं राहू दे, याचं कर.

तुझं शास्त्र मला समजलं आहे. वाटेत धरणं आहेत, आणि पोचायला किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही. तुझी नळी वर आली तर त्यात अप्पा नसणार. तरीही एकदा जहाजाच्या कठड्याशी उभा राहा आणि त्यांना हाक मार. मी इथून मारतो, पण ते माझ्याकडं पाठ करून निघालेत. तोंड तुझ्याकडं आहे. तुझी हाक त्यांना समोरून ऐकू येईल. त्यांना सांग, रुद्रा चुकला म्हणतोय. आणि ते सांगून झालं की घरी ये.

अण्णा